ग्लोरी ऑफ हेराक्लीस: ग्रीक पुराणावरचा जपानी गेम कोणाला आवडतो, कोणाला कंटाळवाणा वाटतो आणि आज तो खेळायचा कसा?

ग्लोरी ऑफ हेराक्लीस हा निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या गेमिंग यंत्रासाठी बनलेला रोल-प्लेइंग गेम आहे. जपानमध्ये तो मे २००८ मध्ये आला. इंग्रजीत यायला जानेवारी २०१० उजाडलं, आणि तेही फक्त उत्तर अमेरिकेत. युरोपात तो विकायलाच आला नाही. बनवला पाओन या जपानी कंपनीने, बाजारात आणला निन्टेंडोने. कथा आणि पात्रं ग्रीक पुराणातली, खेळायची पद्धत मात्र अस्सल जपानी. म्हणजे ज्याला गेमर मंडळी 'जेआरपीजी' म्हणतात तो प्रकार.

या गेमबद्दलची मतं वाचायला घेतली की डोकं चक्रावतं. एक जण म्हणतो, कथा भारी आहे, डीएसवर असं फार कमी आहे. दुसरा म्हणतो, लढाया इतक्या संथ की हातातलं यंत्र बाजूला ठेवून चहा करून यावं. परीक्षकांचा कौलही असाच मधला होता. ना कौतुकाचा वर्षाव, ना धुलाई. आता पुसदमधल्या एखाद्या पोट्ट्याने हे सगळं वाचून ठरवायचं काय? दोन्ही मतं खरी आहेत. फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. मारामारी मोजणारा कमी मार्क देतो, गोष्ट ऐकणारा जास्त. तुम्ही कोणत्या गटात बसता हे आधी ओळखलं, तर तुमचे वीस-तीस तास एकतर वाचतील किंवा सत्कारणी लागतील.

आधी नावाची गंमत

हेराक्लीस म्हणजे आपण ज्याला हर्क्युलस म्हणून ओळखतो तोच. हर्क्युलस हे रोमन लोकांनी केलेलं नाव, मूळ ग्रीक नाव हेराक्लीस. झ्यूस हा देवांचा राजा आणि अल्कमिनी ही मानवी स्त्री, यांचा हा मुलगा. झ्यूसची बायको हेरा हिने त्याचा आयुष्यभर छळ केला. आणि गंमत बघा, हेराक्लीस या नावाचा अर्थच 'हेराची कीर्ती' असा होतो. म्हणजे गेमच्या नावाचा शब्दशः अर्थ लावायला गेलं तर 'हेराच्या कीर्तीची कीर्ती'!

जपानीतही नाव तेच आहे, 'हेराकुरेसु नो एइको'. ही एकटीदुकटी गेम नाही, मालिका आहे. पहिला भाग डेटा ईस्ट या कंपनीने जून १९८७ मध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या यंत्रावर आणला. ड्रॅगन क्वेस्ट आदल्या वर्षी, १९८६ मध्ये आला होता आणि सगळ्या जपानला रोल-प्लेइंगचं वेड लागलं होतं. ज्या फायनल फँटसीचं नाव आज जगभर आहे, तिचा पहिला भाग डिसेंबर १९८७ चा. म्हणजे हेराक्लीस तिच्याही सहा महिने आधीचा. त्या काळात जपानी मुलांमध्ये ग्रीक पुराणाची हवाच होती. सेंट सेया ही मांगा मालिका, निन्टेंडोचा किड इकारस हा गेम, हे सगळं १९८६ च्या आसपासचं. ड्रॅगन क्वेस्टने युरोपातले किल्ले आणि ड्रॅगन घेतले, तर डेटा ईस्टने ग्रीक देव घेतले.

मालिकेचे पुढचे भाग १९८९, १९९२ आणि १९९४ मध्ये आले. मधेच गेम बॉयसाठी एक वेगळा भागही निघाला. यातला १९९२ चा तिसरा भाग लक्षात ठेवा, कारण डीएसवरच्या कथेची मुळं तिथे आहेत. तो लिहिला काझुशिगे नोजिमा याने. पुढे हाच माणूस स्क्वेअर कंपनीत गेला आणि १९९७ च्या फायनल फँटसी ७ च्या कथेवर त्याने काम केलं. त्या गेमचा नायक क्लाउड याच्या आठवणींवर भरवसा ठेवता येत नाही, आणि सगळी कथा त्याभोवती फिरते. आता तिसऱ्या हेराक्लीसचा नायक कोण होता? स्मृती गेलेला अमर माणूस. तर ज्या कल्पनेने पुढे लाखो लोकांना रडवलं, तिचा कच्चा आराखडा या मालिकेत आधीच होता.

डेटा ईस्ट कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर पाओनने मालिका पुन्हा उभी केली आणि त्यातून डीएसचा हा गेम निघाला. इंग्रजीत अधिकृतपणे आलेला मालिकेतला हा एकच भाग. त्यामुळे अमेरिकेतल्या खेळाडूंना तो एकदम नवा वाटला, जपानमधल्यांना मात्र जुना मित्र भेटल्यासारखा. मतांमधला निम्मा फरक तर इथेच सुरू होतो.

कथा: मरण नाही आणि आठवणही नाही

गेम सुरू होतो तेव्हा नायक क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर लागलेला असतो. आपण कोण, कुठून आलो, काही आठवत नाही. एवढंच कळतं की आपल्याला मरण येत नाही. लगेचच ल्यूकोस भेटतो. तोही अमर, तोही सगळं विसरलेला. पुढे एक धिप्पाड गडी भेटतो आणि छातीठोकपणे सांगतो, मीच हेराक्लीस. खरंच तो हेराक्लीस आहे का? मग आपण कोण? हे प्रश्न घेऊन टोळकं फिरायला लागतं. पुढचं सांगत नाही, कारण या गेममध्ये मजा आहे ती बरीचशी तिथेच.

इथे मराठी वाचकाला एक आयती शिडी मिळते, जी अमेरिकन परीक्षकाला मिळत नाही. आपल्याकडे अमरत्व म्हटलं की पहिल्यांदा आठवतो अश्वत्थामा. सप्त चिरंजीवांपैकी एक, पण वरदानाने नाही, शापाने. कपाळावरची जखम भरत नाही आणि तो तेल मागत फिरतो, ही गोष्ट लहानपणी कोणी ऐकली नाही? नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंभा नावाचं शिखर आहे, तिथे दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याची यात्रा भरते, आदिवासी भाविक रात्रभर डोंगर चढतात. म्हणजे आपल्यासाठी हा विषय पुस्तकातला नाही, चालत जाऊन भेटायचा आहे.

आता दोन्ही शेजारी ठेवा. अश्वत्थाम्याला सगळं आठवतं आणि तीच त्याची शिक्षा आहे. हेराक्लीसमधल्या नायकाला काहीच आठवत नाही, म्हणून त्याचं अमरत्व हलकं वाटतं, जवळजवळ विनोदी. मरत नाही म्हणून ही मंडळी बिनधास्त असतात, एकमेकांची टर उडवतात. आणि जसजशी आठवण परत यायला लागते तसतसा खेळाचा रंग बदलतो. न मरणारा माणूस आपण काय केलं होतं हे आठवू लागला, तर ते त्याला हवं असेल का? हा प्रश्न गेम खरोखर विचारतो. माझ्या मते लढायांचे दोष बाजूला ठेवले तर हा गेम खेळावा असं वाटण्याचं हे एकच, पण पुरेसं कारण आहे.

ग्रीक पुराणाच्या जाणकारांना काही गोष्टी खटकतात. पुराणातल्या ओळखीच्या घटना इथे सरमिसळ केलेल्या आहेत, नावं घेऊन पात्रं नव्याने बनवली आहेत. हा आक्षेप योग्य आहे, पण तो सगळ्याच जपानी गेमवर घ्यावा लागेल. फायनल फँटसीमध्ये 'शिवा' नावाची शक्ती आहे, ती कोण आहे माहीत आहे? बर्फ फेकणारी निळसर बाई! आपल्याला ते बघून हसू येतं किंवा भुवया उंचावतात. ग्रीसमधल्या एखाद्या मुलाला हा हेराक्लीस बघून तसंच काहीसं होत असणार. जपानी गेमवाले जगभरातली पुराणं मसाल्याच्या डब्यासारखी वापरतात. यातून पुराण शिकायला जाऊ नका. पण पुराणाची गोडी लागू शकते.

आणि ग्रीक देव आपल्याला अगदीच परके आहेत असंही नाही. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली होती, ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्या 'यवनां'ची नावं कोरलेली आहेत. मेगास्थेनीस हा ग्रीक वकील मौर्यांच्या काळात भारतात आला, तेव्हा मथुरेकडे लोक हेराक्लीसला पूजतात असं त्याने लिहून ठेवलं. बहुतेक अभ्यासक मानतात की तो कृष्णाबद्दल बोलत होता. दुसऱ्याच्या देवात आपला देव बघायची सवय किती जुनी आहे!

लढाया: भांडण इथेच आहे

तुम्ही बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळत असाल तर जेआरपीजीतली लढाई पहिल्यांदा विचित्र वाटेल. इथे कोणी धावत गोळ्या घालत नाही. कॅरमसारखं आहे, पाळी येते. तुम्ही प्रत्येक पात्राला सांगायचं: तू तलवार मार, तू जादू कर, तू जखमा भर. मग ते सगळे आणि शत्रू आपापल्या वेगाने पाळी खेळतात. निशाणा लावायचा नसतो, डोकं लावायचं असतं. लढाया जिंकत गेलं की पात्रांची लेव्हल वाढते, ती ताकदवान होतात.

हेराक्लीसमध्ये पाच जणांपर्यंतची टोळी असते आणि ती पुढच्या व मागच्या अशा दोन रांगांत उभी राहते. मागे उभा असलेला सुरक्षित, पण त्याची तलवार लांब पोचत नाही. जादूसाठी प्रत्येकाकडे एमपी म्हणजे जादूची शिल्लक असते. इथपर्यंत सगळ्या जुन्या गेमसारखंच.

वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे 'ईथर'. हे मैदानात असलेलं जादूचं इंधन आणि त्याचे वेगवेगळे प्रकार असतात. आगीची जादू केली की आगीचं ईथर खर्च होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही. एका विहिरीवर दोन-तीन मोटारी बसवल्या की एकाने उपसलं की दुसऱ्याला कमी, तसं. स्वतःचा एमपी भरपूर असून उपयोग नाही, विहिरीत पाणी पाहिजे. त्यामुळे दर वेळी सगळ्यात मोठी जादू मारत सुटणं महागात पडतं. दुसरी गोष्ट 'ओव्हरकिल'. शत्रूला मरायला लागतं त्याहून बऱ्याच जास्त जोराने मारलं, तर एमपी परत मिळतो. म्हणजे अर्धमेल्या शत्रूवर कमजोर पात्राने वार करून त्याला संपवायचं, की ताकदवान पात्रासाठी तो राखून ठेवायचा, असा हिशेब सुरू होतो. हा हिशेब ज्याला आवडतो त्याला लढाया कंटाळवाण्या वाटत नाहीत. ज्याच्या लक्षातच येत नाही तो फक्त 'अटॅक' दाबत बसतो आणि मग म्हणतो, यात काय आहे?

पण दोष आहेतच, लपवण्यात अर्थ नाही. चालता चालता अचानक लढाई सुरू होते, त्याला रँडम एन्काउंटर म्हणतात. पाच पावलं टाकली की परत तेच. एखाद्या गुहेत रस्ता शोधत असताना हे झालं की कुठे वळायचं होतं तेच विसरायला होतं. प्रत्येक हालचालीचं ॲनिमेशन संथ आहे. आणि सगळ्यात जास्त नाराजी ज्यावर आहे ते म्हणजे टच-स्क्रीनचे मिनी-गेम. डीएसला दोन स्क्रीन असतात, खालची टचची. जादू किंवा खास वार करताना खालच्या स्क्रीनवर पेनने टॅप करायच्या, घासायच्या छोट्या कसरती येतात, त्या नीट केल्या तर वाराचा जोर वाढतो. पहिल्या दहा वेळा मजा येते. शंभराव्या वेळी हात नको म्हणतो. २००८ साली डीएसच्या प्रत्येक गेमवाल्याला वाटायचं की टच-स्क्रीन आहे ना, मग कुठेतरी वापरलीच पाहिजे. हा त्या काळाचा आजार आहे.

याच वर्षी, मार्च २००८ मध्ये, सोनीच्या पीएसपीवर गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस आला होता. तेही हातात धरायचं यंत्र, तेही ग्रीक देव. पण तिथे रक्ताचा सडा, वेग आणि धडाका. गॉड ऑफ वॉर डोक्यात ठेवून जो हेराक्लीसकडे येतो तो हमखास निराश होतो. नावातला ग्रीस सोडला तर दोघांमध्ये काहीच समान नाही. कमी मार्क देणाऱ्यांची मतं नीट वाचलीत तर ही अपेक्षा बऱ्याच जणांच्या बोलण्यात डोकावते.

उलट, ज्यांनी नव्वदच्या दशकातले जेआरपीजी खेळलेत त्यांना हे सगळं घरच्यासारखं वाटतं. ते एन्काउंटरची तक्रार करतात ती सुद्धा प्रेमाने. एसटीला नावं ठेवणाऱ्या प्रवाशासारखं.

भाषेचं काय?

गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजी किंवा जपानी. आणि जेआरपीजीमध्ये वाचायला भरपूर असतं, संवाद सोडून दिले तर हाती उरतात त्या फक्त संथ लढाया. म्हणून इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम सरळ सोडून द्या. गेमचा दोष नाही, तुमचाही नाही.

दहावीपर्यंतचं इंग्रजी गोष्ट समजायला पुरतं. विनोद मात्र निसटतात, कारण अनुवादकाने पात्रांच्या तोंडी टोमणे आणि शब्दांचे खेळ घातलेत. अडलं तर फोनच्या गुगल लेन्सने डीएसची स्क्रीन टिपून मराठी अर्थ बघता येतो. वाक्याचा अंदाज येतो, पण ग्रीक नावांचं तो काहीही करतो. प्रत्येक वाक्याला लेन्स लावत बसलात तर गोष्टीचा रस जाईल, त्यापेक्षा न कळलेला एखादा शब्दच बघा. गेम पाळीने चालत असल्याने वाचायला घाई नसते, तुम्ही बटण दाबेपर्यंत संवाद थांबतो. इंग्रजी वाचनाची सवय लावायला हे क्लासच्या गाईडपेक्षा बरं, असं मी म्हणेन. पण ते सांगून आईबाबांकडून पैसे काढायचा प्रयत्न आपापल्या जबाबदारीवर करा.

आज खेळायचा कसा? इथे नीट वाचा

खरी अडचण ही आहे. हा गेम फोनसाठी कधी आला नाही. निन्टेंडोच्या नव्या यंत्रांवरही पुन्हा विक्रीला आला नाही. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, पण तिथेही तो नव्हता. म्हणजे पैसे द्यायची तयारी असूनही दुकानातून डाउनलोड विकत घेण्याचा मार्ग नाही. हे फक्त याच गेमचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. पुस्तक छापील असतं, रद्दीत तरी सापडतं. गेमचं तसं नाही.

मग लोक इम्युलेटरकडे वळतात. इम्युलेटर म्हणजे फोनमध्ये चालणारं असं ॲप जे दुसऱ्या यंत्राचं सोंग घेतं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते, त्या वेगळ्या करून घ्या. इम्युलेटर हे ॲप एक, आणि गेमची फाइल, जिला रॉम म्हणतात, ती दुसरी.

इम्युलेटर बनवणं हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने इम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. ॲपलनेही एप्रिल २०२४ पासून ॲप स्टोअरवर जुन्या यंत्रांचे इम्युलेटर येऊ दिले, त्यातलं डेल्टा हे डीएसचे गेमही चालवतं. मात्र त्याच वर्षी निन्टेंडोने स्विचच्या युझू इम्युलेटरवर खटला भरला आणि बनवणाऱ्यांनी २४ लाख डॉलर देण्याचं कबूल करून प्रकल्प बंद केला. अँड्रॉइडवरचा डीएसचा प्रसिद्ध इम्युलेटर ड्रॅस्टिक हाही त्या गडबडीत आधी फुकट झाला आणि नंतर प्ले स्टोअरवरून गायब झाला. मेलनडीएस हा मुक्त सॉफ्टवेअर असलेला इम्युलेटर मात्र चालू राहिला.

रॉमची गोष्ट वेगळी आहे. कोणीतरी नेटवर टाकलेली गेमची फाइल उतरवणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. 'जुना गेम आहे, कोण विचारतं' हा युक्तिवाद कायद्यात नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे, ते माहीत असूनही चोरीची संगणक-प्रणाली वापरणाऱ्यासाठीच आहे: कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. पैसे कमावण्यासाठी वापर केला नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. दुसरीकडे कलम ५२ मध्ये असंही आहे, की जिच्याकडे प्रणालीची कायदेशीर प्रत आहे त्या व्यक्तीला ती खराब किंवा गहाळ होण्याच्या भीतीने राखीव प्रत काढून ठेवता येते. पण कुलूप तोडून प्रत काढण्याबद्दल २०१२ पासून ६५ अ हे कलमही कायद्यात आहे. म्हणजे स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत आणि टेलिग्रामवरून उतरवलेली फाइल या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

घरी पोलीस येतील ही भीती बहुतेकांना नसते, हे मलाही कळतं. पण खरा धोका वेगळाच आहे. 'हेराक्लीस फुल गेम मोबाइल एपीके' अशा नावाने जे फिरतं ते गेम नसतंच. या गेमचं अँड्रॉइडसाठी एपीके कधी बनलंच नाही, त्यामुळे असं कोणी देत असेल तर ते खोटं आहे, एवढा नियम पुरे. असलं ॲप इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. गेमला तुमचे मेसेज कशाला लागतात? ज्या फोनवर तुम्ही गेम टाकणार त्याच फोनवर फोनपे आहे, वडिलांच्या खात्याचा ओटीपी येतो, कॉलेजच्या स्कॉलरशिपचे मेसेज येतात. ती परवानगी दिली की ओटीपी तुमच्या आधी दुसरा वाचतो. असं काही टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. उशीर करू नका, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मग सरळ मार्ग कोणता?

एक, जुनं डीएस किंवा ३डीएस आणि गेमचं कार्ट्रिज सेकंड-हँड घेणं. डीएसच्या कार्ट्रिजला देशाचं कुलूप नसतं, त्यामुळे अमेरिकेचं कार्ट्रिज इथल्या यंत्रात चालतं, आणि ३डीएसमध्येही चालतं. पुसदला असल्या वस्तू मिळत नाहीत, नागपूर-पुण्याकडे किंवा ऑनलाइन शोधावं लागतं, आणि परदेशातून मागवलं तर कुरिअर आणि सीमाशुल्काने किंमत फुगते. फक्त या एका गेमसाठी एवढा खर्च करू नका. डीएसच्या इतर गेममध्येही रस असेल तरच हिशेब बसतो.

दोन, आधी फोनवर हा प्रकार आवडतो का ते तपासणं. फायनल फँटसीचे पहिले सहा भाग पिक्सेल रिमास्टर नावाने अँड्रॉइड आणि आयफोनवर अधिकृत आहेत. ड्रॅगन क्वेस्टचे जुने भाग आहेत, क्रोनो ट्रिगर आहे. पैसे एकदाच द्यायचे, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवला की नेटवर्क नसतानाही चालतात. पुसदहून यवतमाळला एसटीने जाताना घाटात रेंज जाते तेव्हा याची किंमत कळते. (वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे सुरू होईपर्यंत तरी तेवढा वेळ आपल्याकडे आहेच.) यातला कोणताही एक गेम चार-पाच तास खेळून बघा. पाळीच्या लढाया आणि वाचन जमलं, तर हेराक्लीसचा विचार करा. नाही जमलं, तर हेराक्लीस त्याहून संथ आहे, एवढं लक्षात घ्या.

आणि पुराणकथाच हवी असेल, जेआरपीजीचा हट्ट नसेल, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघा. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवरच आला, म्हणजे तोही हातात धरूनच. भाऊ हरवलेली राजी, तिला शोधताना भेटणारे असुर, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले. लढाई पाळीची नाही, उड्या आणि वारांची आहे. छोटा गेम आहे, लवकर संपतो. पण इथे देव मसाल्याच्या डब्यातून आलेले नाहीत, घरातले आहेत, आणि तो फरक खेळताना जाणवतो. हेराक्लीस आणि राजी पाठोपाठ खेळणाऱ्याला, दुसऱ्याचं पुराण वापरणं आणि स्वतःचं पुराण सांगणं यातलं अंतर जितकं कळेल तितकं कोणत्याही लेखातून कळणार नाही.

हेराक्लीसचं कार्ट्रिज मिळालंच, तर घेण्याआधी एवढं बघा. पुढच्या लेबलवर एनटीआर या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. छपाई पुसट, रंग फिके किंवा अक्षरांत चूक असेल तर नक्कल समजा. नकली कार्ट्रिज बऱ्याचदा सुरू होतात, पण सेव्ह करताना दगा देतात, म्हणून विकणाऱ्यासमोर एकदा सेव्ह करून, यंत्र बंद करून परत चालू करून बघा. डीएसच्या कार्ट्रिजमधलं सेव्ह बॅटरीवर अवलंबून नसतं, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी अमेरिकेत अर्धवट सोडलेला खेळही त्यात अजून सापडू शकतो. तो पुसून नवा सुरू करा. दुसऱ्याच्या मधल्या टप्प्यापासून खेळलात तर नायकाला काय आठवत नाही तेच तुम्हाला कळणार नाही.